कोणाच्याच घरची नाही

बोडीच्या पाण्यावरून सुरुवात झाली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, श्रावणचा बाप्तिस्मा होता. घरामागच्या धानाच्या बांध्यांना लागून जी बोडी, म्हणजे लहान तळं, होती, तिच्यातच व्हायचा होता. अड्याळहून पास्टर जीवन येणार, प्रार्थना म्हणणार आणि श्रावणला पाण्यात बुडवून वर काढणार. श्रावणच्या बायकोला, मनकर्णालाही पास्टरनं याच बोडीत असंच बुडवून काढलं होतं. पण तेव्हा ती आजारी होती. आजारी बाईच्या मनासारखं होऊ द्यावं म्हणून घरचे गप्प बसले होते. आता तिला जाऊन एक पावसाळा उलटला होता, आणि श्रावणला काहीच आजार नव्हता.

"बोडी सामाईक हाये," भैय्यालाल म्हणाला. "सातबाऱ्यावर दोघाचं नाव हाये. माह्या पाण्यात मी हे होऊ देनार नाई."

"मी माह्या हिश्श्यात बुडतो," श्रावण म्हणाला.

"पाण्याले धुरा असते का? कुठून कुठवर तुहं?"

"तू सांग. तू दाखवशील तिथं उभा राहतो."

दारात बसलेल्या शुभांगीला हसू आलं. तिनं पदर तोंडाला लावला. तिच्या नवऱ्यानं, मंगेशनं, तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. मंगेश श्रावणचा एकुलता एक मुलगा. चिखल्याच्या खाणीतून मँगनीज वाहणाऱ्या एका खाजगी ट्रकवर तो ड्रायव्हर होता. काकानं फोन केला म्हणून गाडी दुसऱ्याच्या हाती देऊन आला होता आणि आल्यापासून बापाशी एक शब्द बोलला नव्हता.

भैय्यालाल श्रावणचा धाकटा भाऊ. एकाच अंगणात दोघांची दोन घरं, दोन चुली. सकाळपासून तो धुतलेला पायजमा घालून तयार होता, जसं काही कोर्टात जायचं आहे. त्याला कारणही होतं. त्याच्या मुलीचं, रेणूचं लग्न कोंढ्याला जमलं होतं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, माघात धरलं होतं. आणि कोंढ्याच्या सोयऱ्यांनी निरोप धाडला होता: तुमचे मोठे भाऊ क्रिश्चन होऊन राहिले असं ऐकलं, खरं काय ते कळवा.

"काय कळवू त्याइले?" भैय्यालालनं विचारलं. "सांग ना. काय कळवू?"

"खरं तेच कळव."

"खरं कळवलं तं माही पोट्टी घरी बसन."

छपरीच्या, म्हणजे ओसरीच्या, आतल्या दाराआडून सुमित्राबाईचा आवाज आला. ती भैय्यालालची बायको. श्रावण तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. या घरात सून भासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. लग्न होऊन आल्यापासून ती त्याच्याशी दुसऱ्या कोणाच्या तरी नावानं बोलत आली होती.

"रेणू," ती आतून म्हणाली, "तुह्या मोठ्या बाबाले सांग, घरात मरण झालं का माणसाचं मन ठिकाणावर राहत नाही. वर्ष जाऊ द्या म्हनाव. मंग काय करायचं ते करा."

रेणू छपरीत खाली बसून सुपात तांदूळ निवडत होती. ऐकू सगळ्यांनाच आलं होतं, तरी तिनं मान वर करून सांगितलं, "मोठेबाबा, आई म्हनते वर्ष जाऊ द्या."

"तिले सांग," श्रावण म्हणाला, "वर्षाचा काही भरोसा नसते."

मनकर्णाचंही असंच झालं होतं. डॉक्टर दिवाळीपर्यंत म्हणाले होते, आणि ती आषाढातच गेली.

तेवढ्यात अंगणात स्कूटर थांबली. पास्टर जीवन आला होता. उंच, बारीक माणूस. पूर्वी अड्याळच्या बाजारात भांड्यांचं दुकान लावायचा. अजूनही बोलताना समोरची वस्तू उचलून तिला बोटानं टिचकी मारून बघायची त्याला सवय होती. श्रावणनं त्याला आपल्या शेजारी, धानाच्या पोत्यांवर बसवलं. शुभांगीनं चहा आणला. भैय्यालालनं पास्टरला चहा पिऊ दिला. घरी आलेल्याचा चहा होईपर्यंत भांडायचं नाही, एवढी रीत त्यानं पाळली. कप खाली ठेवल्याबरोबर मात्र तो सरसावून बसला.

"पास्टर साहेब, एक इचारतो. तुमच्या शास्त्रात आईबापाचा मान राखा म्हनून लिहलं हाये का नाही?"

"लिहिलं आहे."

"मंग आमच्या बापानं ज्या देवाले हात जोडले, त्या देवाले पाठ दाखवनं हा मान झाला का अपमान?"

पास्टरनं रिकाम्या कपाला टिचकी मारली. "मान राखणं वेगळं, भाऊ. देव मानणं वेगळं."

"वेगळं कसं?" मंगेश पहिल्यांदाच बोलला. "मले ट्रकवरच्या एकानं सांगितलं. तो म्हने, तुमच्या शास्त्रात असं बी हाये का बापापासून पोराले आन माईपासून पोरीले तोडाले आलो म्हनून. हाये का नाही?"

"आहे. पण त्याचा अर्थ..."

"अर्थ दिसूनच राहिला ना इथं! बाबा तिकडं, आमी इकडं. तुटलंच ना?"

"कोणी तोडून नाही राहिलं बापा," श्रावण म्हणाला. "मी इथंच राहनार. याच घरात. याच खाटेवर."

"खाट इथं ठेवून तुमी तिकडं जाऊन राहिले. माय गेल्यापासून तुमी आमच्यात हाच कुठं?"

ते खरं होतं. मनकर्णा गेल्यापासून श्रावण दर रविवारी अड्याळच्या टिनाच्या हॉलमध्ये प्रार्थनेला जायचा. ती होती तेव्हा तो तिला गाडीवर घेऊन जायचा, पण आत पाय ठेवायचा नाही. प्रार्थना होईपर्यंत समोरच्या टपरीवर बसायचा. आता तो आत जायचा, आणि बायकांच्या बाजूला, भिंतीजवळ, ती बसायची त्या जागी बसायचा. पहिल्या रविवारी बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. पास्टरनं त्याला उठवलं नाही. नंतर बायकांनीच थोडं सरकून जागा करून दिली.

"मी एक बोलू का?" शुभांगी म्हणाली.

श्रावणनं तिच्याकडे आशेनं पाहिलं. या घरात त्याच्या बाजूनं कोणी असेल तर ती सूनच. मनकर्णानं तिला लेकीसारखं वागवलं होतं, आणि शेवटचे महिने मनकर्णाचं सगळं तिनंच केलं होतं.

"आत्याबाई एक गोष्ट सांगत," शुभांगी म्हणाली. "त्या म्हनत, नवरा इश्वास नाही ठेवत तरी बायकोच्या इश्वासापायी तो बी पवित्रच धरला जाते. शास्त्रातच हाये म्हने. खरं ना, पास्टर साहेब?"

"खरं आहे," पास्टर म्हणाला.

"मंग मामाजीले पाण्यात जायची गरजच काय? आत्याबाईनं घेतला बाप्तिस्मा. त्याइच्या पायी मामाजी बी झालेच. घर बी राहते, रेणूताईचं बी निपटते."

"वा रे माही सून!" भैय्यालालनं मांडीवर थाप मारली. "याले म्हनतात अक्कल! पास्टर साहेब, हे आमची बारावी शिकलेली सून हाये. पहा, तुमच्याच शास्त्रातून तुमाले चीत केलं!"

मंगेशनं बायकोकडे पाहिलं. आता त्याचे डोळे वटारलेले नव्हते. श्रावणला कळलं की आता या छपरीत तो एकटाच उरला आहे. शुभांगीचा त्याला राग आला नाही. तिला घर वाचवायचं होतं. त्याला घर वाचवायचं नव्हतं, एवढाच फरक होता.

त्यानं पास्टरकडे तोंड वळवलं. "म्हंजे मी असाच आलो तरी वर तिथं जागा भेटते?"

पास्टरनं कप बाजूला सरकवला. "ते वचन संसारासाठी आहे, श्रावणभाऊ. नवरा-बायकोनं वेगळं होऊ नये, लेकरं वाऱ्यावर पडू नयेत, म्हणून. विश्वास ज्याचा त्यानंच ठेवावा लागतो."

"म्हंजे पक्कं नाही."

"नाही."

"मले पक्कं पायजे." श्रावण थोडा थांबला. मग त्यानं कितीतरी दिवस मनात धरून ठेवलेला प्रश्न विचारला. इतक्या माणसांत विचारायचा नव्हता, पण आता उद्यावर आलं होतं. "आन ज्यानं बाप्तिस्मा घेतलाच नाही, तुमच्या प्रभूचं नाव बी कधी ऐकलं नाही, असा माणूस तिथं नसते ना?"

"ते देवालाच माहीत. आपण ठरवू शकत नाही."

"पण शास्त्राप्रमाणं?"

"शास्त्राप्रमाणं वाट एकच आहे."

"म्हंजे नसते."

भैय्यालालचा हात मांडीवरच राहिला. "भाऊ," तो हळू म्हणाला, "तू कोणाबद्दल इचारून राहिला?"

श्रावणनं मान वर केली. छपरीच्या भिंतीवर भोजराजचा फोटो होता. तिघा भावांत सर्वांत मोठा. फोटोत तो वीस-बावीस वर्षांचा होता, आणि कायमचा तेवढाच राहिला होता.

मनकर्णा या घरात आली ती भोजराजची बायको म्हणून. लग्नानंतरच्या दुसऱ्या रोवणीत, भात लावताना, भोजराजला बांधीत साप चावला. मूलबाळ नव्हतं. मनकर्णाचा बाप तिला न्यायला आला होता. पण श्रावणच्या बापानं सांगितलं, घरची सून घरातच राहील. श्रावण मोकळाच आहे. आणि दोघांचा पाट, म्हणजे विधवेचं पुन्हा लग्न, लावून दिला. पाट दिवसा लागत नसे. दिवेलागण झाल्यावर, मागच्या परसात, बाजा नाही, हळद नाही. सवाशिणींनी त्या रात्री पाटाच्या नवरीचं तोंड पाहायचं नाही म्हणून आळीतल्या बायकांनी दारं लावून घेतली होती. श्रावण तोवर वहिनी म्हणूनच तिच्याशी बोलायचा. त्या रात्रीपासून तिला काय म्हणावं ते त्याला कळेना. पुढं सगळा जन्म त्यानं तिला नावानं हाक मारली नाही. 'ऐकलं का' एवढंच.

ती त्याची बायको होती. मंगेश झाला, संसार झाला, कधी भांडण म्हणावं असं भांडणसुद्धा झालं नाही. पण दर पितृपक्षात ती भोजराजच्या नावानं ताट वाढायची. खीर, वडे, सगळं. आणि ते ताट कवेलूच्या छपरावर ठेवायला श्रावणच शिडी चढायचा. कावळा शिवेपर्यंत ती अंगणात उभी राहून वर पाहायची. तिच्या तोंडावर काय असायचं ते श्रावणला वरून दिसायचं. समजायचं मात्र नाही. तिनं भावाला मनात ठेवलं आहे की नुसती रीत करते आहे, हे त्यानं कधी विचारलं नाही. विचारायला लाज वाटायची. नंतर वय झालं.

आणि मग ती मरताना म्हणाली, "रडू नका. तिकडं भेट होईन."

तेव्हापासून श्रावण त्या एका वाक्यावर जगत होता. तिकडं म्हणजे तिच्या प्रभूच्या घरी. तिथं भोजराज असणार नाही. त्यानं बाप्तिस्मा घेतलेला नाही. तिथं कोणाचं ताट वेगळं वाढायचं नाही, शिडी नाही, कावळा नाही. आपण बाप्तिस्मा घेतला तर तिथं ती आणि आपण, दोघंच. पहिल्यांदाच.

"तू मोठ्या दादाले मागं टाकून जाऊन राहिला," भैय्यालाल म्हणाला. त्याच्या आवाजात आता साक्षगंध नव्हतं, कोंढा नव्हतं. "त्यानं तुले पोहणं शिकवलं गा. याच बोडीत शिकवलं. आन तू जिथं तो येऊ शकत नाही, अशी जागा शोधून राहिला?"

"मी त्याचं काही वाईट नाही चिंतलं."

"मंग काहून इचारलं?"

"चाळीस वर्षं मी त्याच्या ताटाले शिडी लावली, भैय्या!" श्रावण एकदम मोठ्यानं बोलला. तो कधी मोठ्यानं बोलत नसे. अंगणातली कोंबडी दचकून पळाली. "चाळीस वर्षं! एक जागा मले पायजे जिथं ती माही हाये. फक्त माही. एवढंच मांगून राहिलो. त्याइचा देव देत असन तं मी त्या देवाले मानतो. आनखी काय पायजे तुमाले?"

मंगेशनं मान खाली घातली. बापाच्या तोंडून आईबद्दल असं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. दाराआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

पास्टर जीवन उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला. त्याचं तोंड उतरलं होतं.

"श्रावणभाऊ," तो म्हणाला, "तुम्ही याच्यासाठी बाप्तिस्मा घेत आहात?"

"हव."

"मग मला तुम्हाला सांगावं लागेल. उद्या पाण्यात उतरायच्या आधी सांगायला पाहिजे. नाहीतर मी तुम्हाला फसवल्यासारखं होईल."

"सांगा."

"एकदा काही लोक प्रभूला अडवायला आले. त्यांनी एक कोडं घातलं. म्हणाले, सात भाऊ होते. मोठ्यानं लग्न केलं. तो मेला, मूल नाही. मग रीतीप्रमाणे त्याची बायको दुसऱ्या भावाला दिली."

"पाट लावला," दाराआडून सुमित्राबाई म्हणाली.

"तसंच. तोही मेला. मग तिसऱ्याला दिली. असे सातही भाऊ गेले, आणि शेवटी ती बाईही गेली. तर त्या लोकांनी प्रभूला विचारलं, आता वर गेल्यावर ती या सातांपैकी कोणाची?"

श्रावण पोत्यावरून पुढं सरकला. हाच तर त्याचा प्रश्न होता. हा प्रश्न त्या शास्त्रात कोणीतरी आधीच विचारून ठेवला आहे, हे त्याला माहीतच नव्हतं.

"मंग? काय म्हनले प्रभू?"

"प्रभू म्हणाले, तिथं लग्न करत नाहीत आणि लग्न करून देतही नाहीत. तिथं माणसं देवदूतांसारखी असतात."

"म्हंजे कोणाची?"

"कोणाचीच नाही."

रेणूचा सुपातला हात थांबला होता.

"भेट तं होईन?" श्रावणनं विचारलं.

"होईल."

"वळख राहीन?"

"राहील. मी तरी तसं मानतो."

"पण बायको म्हनून नाही."

"नाही, श्रावणभाऊ. बायको म्हणून नाही."

भैय्यालालनं तोंड उघडलं होतं. खरं तर तो जिंकला होता. पण भावाकडे पाहून त्यानं तोंड मिटलं.

श्रावणनं डोकं हलवलं, जसा माणूस बाजारात भाव ऐकून हलवतो. "हे तिले मालूम नसन," तो म्हणाला. "तुमी तिले हे सांगितलं होतं का, पास्टर?"

"नाही. मी कधी सांगितलं नाही."

"तेच म्हनतो. तिले मालूम असतं तं ती मले तिकडं भेटू काहून म्हनली असती? तिले बी वाटलं असन, आपण दोघं... मालूम नव्हतं तिले. बिचारी तशीच गेली." त्याला तेवढ्यातही जरा बरं वाटलं. दोघं एकाच चुकीत होती. एकाच चुकीत असणं हेसुद्धा सोबत असण्यासारखंच आहे.

"मोठ्या आईले मालूम होतं," रेणू म्हणाली.

"रेणू," दाराआडून आवाज आला. "चूप बस."

"मालूम होतं, आई. मीच वाचून दाखवलं होतं."

शेवटी शेवटी मनकर्णाला दिसेनासं झालं होतं. रेणू कॉलेजातून आली की दुपारी तिच्या खाटेजवळ बसून तिला शास्त्र वाचून दाखवायची. हे सगळ्यांना माहीत होतं. कोणतं पान वाचते ते कोणी विचारलं नव्हतं.

"काय म्हनली ती?" श्रावणनं विचारलं.

रेणूनं सूप बाजूला ठेवलं. "मले वाटलं, हे ऐकून तिले वाईट वाटन. मी पान पलटवाले लागली. तं म्हने, थांब. पुन्हा वाच."

"मंग?"

"मंग म्हने, लग्न करून देत नाहीत म्हंजे तिथं कोणी कोणाले कोणाच्या घरी देत नाही? मी म्हनलं, हव. म्हने, मले इथं कोणी इचारलं नव्हतं. तिथं ते देनंच नाही, बरं झालं." रेणूचा आवाज बारीक झाला. "हसली, मोठेबाबा. किती दिवसानं हसली होती. मंग दररोज मले तेच वाचाले लावे. दुसरं काही वाचलं का म्हने, हे राहू दे, ते वाच."

"दररोज?"

"दररोज."

"माहं नाव काढलं होतं?"

रेणूनं दाराकडे पाहिलं.

"काढलं होतं. म्हने, तुह्या मोठ्या बाबाले हे नको सांगजो. माणूस चांगला हाये. त्याले वाईट वाटन."

मंगेश उठून अंगणात गेला आणि तिथं उभ्या ट्रॅक्टरला टेकून, घराकडे पाठ करून उभा राहिला. शुभांगी रडत होती.

तेव्हा आतलं दार उघडलं आणि सुमित्राबाई बाहेर आली. डोक्यावरचा पदर नीट होता, पण ती सरळ श्रावणसमोर येऊन उभी राहिली. भैय्यालाल तिच्याकडे बघतच राहिला.

"भाऊजी," ती म्हणाली. रेणूच्या नावानं नाही, कोणाच्याच नावानं नाही. "जाऊबाईचा तुमच्यावर राग नव्हता. कधीच नव्हता. मी तिच्याजवळ जलमभर राहिली, मले मालूम हाये. थकली होती फक्त. एकाचं निवदाचं ताट आन एकाचं जेवनाचं ताट. दोन्ही वाढता वाढता थकली होती."

"मले कधी दिसलं नाही," श्रावण म्हणाला.

"तिनं दाखवलंच नाही तं तुमाले दिसन कसं?"

एवढं बोलून ती आत निघून गेली.

पास्टरनं श्रावणच्या खांद्यावर हात ठेवला. "श्रावणभाऊ, बाप्तिस्मा बायकोसाठी घेत नसतात. तो तुमच्या स्वतःसाठी आहे. तुमच्या जिवासाठी. तुम्ही विचार करा. आजच्या आज काही ठरवू नका."

"ठरलं," श्रावण म्हणाला. "उद्या येऊ नका, पास्टर."

"रागावलात?"

"नाही. तुमी खरं सांगितलं. तुमचा देव बी खरंच बोलला. आपल्याजवळ असं तोंडावर सांगनारं कोणी नाही." तो थांबला. पुढचं बोलायला त्याला वेळ लागला. "ती तिथं कोणाच्या घरची नाही ना?"

"नाही."

"मंग मी कायले जाऊ? मी गेलो तं ती मले वळखन. वळखलं का उठून उभी राहीन. जेवले का म्हनून इचारन. सवय हाये तिची. तिथं बी तिले उठवाचं?" त्यानं मान हलवली. "बसू द्या तिले."

पास्टर हात जोडून उठला. श्रावण त्याला अंगणापर्यंत सोडायला गेला. स्कूटर सुरू होईना. मंगेशनं येऊन किक मारून दिली.

त्यानंतर घर हळूहळू हललं. आधी भैय्यालालनं घसा खाकरला आणि मोबाइल घेऊन तो अंगणाच्या टोकाला गेला. कोंढ्याच्या सोयऱ्यांशी बोलताना त्याचा आवाज आधी दबका होता, मग चढत गेला, मग तो हसलासुद्धा. "नाही हो, कोणं सांगितलं तुमाले? लोक काही बी बोलतात. मोठा भाऊ घरीच हाये, आमच्या बाजूलाच हाये, देऊ का फोन?" फोन त्यानं दिला नाही, एवढं बरं केलं.

मंगेशनं बापाजवळ येऊन म्हटलं, "बाबा, बरं केलं." "उद्या दिवसभर मी घरीच हावो," तो म्हणाला. "कुठं जायचं असन तं सांगा." श्रावणनं मान हलवली. त्याला कुठंच जायचं नव्हतं.

संध्याकाळी दोन्ही चुलींचं जेवण एकत्र झालं. कितीतरी वर्षांनी. सुमित्राबाईनं वांग्याची भाजी केली, शुभांगीनं भात आणि वरण आणलं. छपरीत पुरुषांच्या पानांची ओळ बसली. श्रावण मध्ये, एका बाजूला भाऊ, एका बाजूला मुलगा. भैय्यालाल मोठ्या मनाचा झाला होता. जिंकल्यावर तो नेहमीच मोठ्या मनाचा व्हायचा. भावाच्या पानात त्यानं आपल्या हातानं तूप वाढलं.

"खा भाऊ. खा, खा. झालं ते झालं," तो म्हणाला. "आन तू भेव नको खाऊ. आपल्याले आपली जागा हाये. बाप हाये तिथं, आजा हाये. मोठा दादा तं वाटच पाहून राहिला असन. उद्या तू गेला, परवा मी आलो. आपण तिघं भाऊ एकाच जाग्यावर बसू. पितृपक्षात मंगेश ताट ठेवन, तिघं मिळून खाऊ. काय पायजे आनखी?"

"हव," श्रावण म्हणाला.

"मंगेश, ठेवशीन ना रे तिघाचं?"

"ठेवीन ना, काका."

श्रावणनं भाताचा घास केला. तो हातातच राहिला. भैय्यालालचं बोलणं खरं होणार हे त्याला दिसत होतं. तो मरेल, आणि भोजराजकडे जाईल. भोजराज अजून वीस-बावीस वर्षांचा असेल, फोटोतल्यासारखा, आणि आपण असे म्हातारे. तो बाजूला सरकून जागा देईल. धानाचं विचारणार नाही, बोडीचं विचारणार नाही. आधी तेच विचारील: मनकर्णा कुठं हाये?

नाही आली, म्हणून सांगावं लागेल.

त्यानंतर दोघं भाऊ बसून राहतील. बोलायला दुसरं काही नसेल.